आजोबांची कोंडी

कुलपं दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी चाळीस वर्षं लोकांची अडलेली दारं उघडून दिली. एका सकाळी आजी भाजी आणायला गेली, तेव्हा ते दोन वर्षांच्या नातीशी लपाछपी खेळताना बाथरूममध्ये लपले. नातीने त्यांना शोधलं, खुदकन हसत दार ओढलं आणि बाहेरून खालची कडी लावली.

"कडी काढ ना गं, राणी!" आजोबा गयावया करू लागले.

"नाई!" म्हणत तिने दाराखालच्या फटीतून एक चमचा आत सरकवला. आजोबांनी तो बाहेर ढकलला. ती खिदळली आणि धावत जाऊन आणखी चमचे घेऊन आली.

आजी परतली, तर नात दाराशी पालथी पडलेली आणि घरातले सगळे चमचे आतबाहेर करत होते.

"अहो, थांबा, कडी काढते!"

"इतक्यात नको गं," आतून आवाज आला, "आता माझी पाळी आहे!"