माझ्या नावावर मागे फिरू नका

सकाळी आठची नोंद झाल्याशिवाय आमच्या धरणावरचं कोणीही कुठे जात नाही. लग्न असो नाहीतर मयत, आधी आठ वाजता पाण्याची पातळी बघायची, वहीत लिहायची, फोनवर कळवायची, मग बाकीचं जग. ही नोंद गेली एकोणीस वर्षं मी करते. साहजिकच आमच्या ऑफिसची डोंगराची सहलही आठनंतरच निघते. शहाणी माणसं डोंगर चढायला पहाटे निघतात. आम्ही पातळी लिहून, चहा पिऊन, जीपमध्ये पुढे कोणी बसायचं यावर भांडून नऊला शहापूर सोडतो आणि ऊन डोक्यावर आलं की चढायला लागतो. सहल हिवाळ्यात असते म्हणून हे आजवर खपून गेलं.

त्या वर्षी हिवाळ्यात धरणाच्या दरवाजांची दुरुस्ती निघाली आणि सहल ढकलत ढकलत चैत्रात आली. डोंगर ठरला मुरबाडचा सिद्धगड. आमच्यातले निम्मे लोक तिथे तीन-चारदा जाऊन आलेले. मीही गेले होते, पण माझा सिद्धगड म्हणजे पायथ्याचा ओढा. डोंगर कुठलाही असो, दर वर्षी पुरुष चढायचे आणि मी पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडून कोंबडी शिजवायची. बारा वर्षं हेच. पाच वाजता ते घामेजून उतरायचे, पत्रावळीवर बसायचे आणि म्हणायचे, "ताई, वर काय वारा होता, काय वारा होता!" मला वाटायचं, आणायचा होता ना थोडा डब्यात घालून.

या वेळी मी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "मी चढणार. जेवण पायथ्याच्या नारिवलीत कोणाच्या तरी घरी सांगा."

मग आमचा ऑपरेटर, ज्याला कुठल्याही गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही, तो म्हणाला, "ताय, डोंगराला इचारलंस काय आधी?"

हशा पिकला. मीही हसले. मी जाडी आहे. चोपन्न वर्षांची आहे, ब्लडप्रेशरची गोळी घेते आणि जिना चढताना माझा श्वास पलीकडच्या टेबलावर ऐकू जातो. हे लपवण्यासारखं नाही आणि मी लपवतही नाही. ऑपरेटरच्या बोलण्याचा मला राग आला नाही. राग आला तो साहेबांचा. साहेब नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमची काळजी वाटते म्हणून बोलतो. माचीपर्यंत या, तिथे सावली आहे. तिथे आराम करा. आम्ही वर जाऊन येतो."

ही काळजी मी लहानपणापासून ओळखते. सायकल शिकायची म्हटलं की काळजी. वसईला नोकरी लागत होती तेव्हा काळजी. गंमत म्हणजे चैत्र-वैशाखात राबाची कामं निघाली की ही काळजी कुठे जायची कोण जाणे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, त्यासाठी शेण, पाला, गवत डोक्यावरून वाहून न्यायचं; असे भारे मी चौदाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत अनवाणी वाहिले. डोंगरउतारावरून, भर बारा वाजता. तेव्हा कोणी म्हटलं नाही, पोरी, सावलीत बस.

म्हणून मी मनाशी पक्कं केलं. बालेकिल्ल्याच्या माथ्यावर पाय ठेवायचा, माचीवर बसायचं नाही. एकदा अर्ध्यावर बसले की नोकरीची उरलेली चार वर्षं पुन्हा चुलीपाशी, आणि "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?" हे दर वर्षी ऐकायचं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काय हे खूळ!" मी म्हटलं, "खूळच." आणि पोराचे जुने बूट दोन मोजे घालून पायात बसतात का ते बघितलं.

नारिवलीतून चढायला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आठ पुरुष आणि मी. रानात झाडाला पान नव्हतं. कारवीच्या वाळक्या काठ्या आणि तापलेले दगड. हात टेकला तर चटका बसायचा. खाली शेतांत राब पेटवलेले, त्याचा धूर सरळ उभा राहिला होता, म्हणजे वाऱ्याचं नाव नाही. आमच्या लोकांनी पाण्याची एकेकच बाटली घेतली होती. वरच्या गुहेपाशी टाकं आहे, त्यात बारमाही पाणी असतं, ओझं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मुंबईला पाणी पाजणारे हे लोक, पाण्याचं यांना कोणी सांगायचं? हिवाळ्याचा हिशेब त्यांनी चैत्राला लावला. मी दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्या शहाणपणानं नव्हे. मला घाम फार येतो म्हणून.

पहिल्या अर्ध्या तासात सगळे माझ्या पुढे गेले. ऑपरेटर दर वळणावर थांबून ओरडायचा, "ताय, जिवंत हायस ना?" बोलायला जो श्वास लागतो तो मी पायांसाठी राखून ठेवला होता. माझी चढायची रीत लावणीची. भात लावताना एकदा वाकलं की मान वर करून बांध किती लांब राहिला ते बघायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. बघितलं की कंबर मोडते. हातातली मूठ संपवायची, दुसरी घ्यायची, बांध आपोआप टाचेला लागतो. मी समोरच्या दगडाकडे बघत होते आणि त्याच्या पुढच्या दगडाकडे. डोंगर किती उंच आहे हे मी त्या दिवशी बघितलंच नाही.

तासाभरानं बघते तर पुढे गेलेली माणसं एकेक करून वाटेकडेला बसलेली. धावत चढलेले सगळे. कोणी टोपीनं वारा घेतोय, कोणी बाटली उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतोय. मी त्यांच्या शेजारून पुढे गेले, हळूहळू, थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा उठले नसते, हेही खरंच.

माचीवर पोचायला पावणेदोन वाजले. तिथल्या वाडीत आता थोडीच घरं आहेत. पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी. तिनं काही न विचारता तांब्याभर पाणी आणून दिलं. मग दुसरा तांब्या. आमची आठ माणसं ओट्यावर कोसळली होती. चौथ्या तांब्यानंतर ऑपरेटर म्हणाला, "मावशे, आनखी एक दे गो."

म्हातारीनं हंडा त्याच्यापुढे ठेवला. "ह्यो घे. झरा खाली हाय, आंब्याच्या अंगाला. जा आन भरून आन. मी सकाळधरनं दोन खेपा केल्यात."

तो ओशाळला. पण उठला नाही. उठायला अंगात काही उरलंच नव्हतं. टाक्यात पाणी आहे का, असं दुसऱ्या कोणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हाय. हिरवं. माझ्या शेरड्या पितात."

साहेब ओट्यावरच भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळानं ते घरामागे जाऊन ओकून आले. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवून मी त्यांच्या डोक्यावर ठेवला, मीठ-साखर चाटवली. थोडा रंग आला. मग ते उठून बसले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "माझं ऐका. आपण इथूनच फिरू या. ताईंना पुढचं झेपणार नाही. उगाच धोका नको."

मी बाकीच्यांकडे बघितलं. सगळे खाली बघत होते. कोणी बुटाची नाडी सोडत होतं, कोणी बांधत होतं. दोघं-तिघं तर म्हणालेसुद्धा, "हो हो, ताईंसाठी फिरायलाच हवं." आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं मला स्पष्ट दिसलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण मी होते.

उन्हानं अंग तापलं होतंच, आता डोकंही तापलं. शेवटच्या चढावर काही जण मला पुन्हा गाठून पुढे गेले होते, पण माचीवर पोचल्यावर उभी होते ती मी एकटीच. रुमाल माझा, पाणी माझं, आणि परतायचं कारणही मीच? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून आठ गडी डोंगर उतरणार होते.

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला बरं नाही, तुम्ही फिरायलाच पाहिजे. पण मला झेपतंय. माझ्या नावावर मागे फिरू नका."

"ताई, हट्ट करू नका."

"हट्टच आहे."

म्हातारी हे सगळं ऐकत होती. ती काठी टेकून उठली. "शेरड्या वर हायेत, गुहेकडं. हाकाया जाते. येतस काय गो बाय?"

मी गेले.

माचीच्या वरचा रस्ता हा रस्ता नाही. सुटे दगड आणि माती, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. डाव्या हाताला दरी. एका ठिकाणी माझे पाय असे लटपटायला लागले की मला रडू आलं. भीती वाटली, खरंच वाटली. खाली बघितलं तर ओट्यावर आठ माणसं दिसत होती, आणि ती वर बघत होती. तिथून उतरले असते तर त्यांच्या म्हणण्यावर शिक्काच बसला असता. पण पाय हलेना.

म्हातारी वरून म्हणाली, "बूड टेकव आन सरक. लाज कसली? डोंगर काय बघत नाय."

मग मी बूड टेकवून, हातांनी कारवीचे खुंट धरून, रांगत, सरकत, चार हातापायांवर ती जागा पार केली. साडी नव्हती, सुनेचा पंजाबी ड्रेस होता, तो मागून फाटला. फाटू दे म्हटलं.

गुहेपाशी तिच्या शेळ्या सापडल्या. टाक्यात खरोखरच हिरवं पाणी होतं. ती म्हणाली, "झालं. आता वर काय नाय. निसतं गवत."

"तेच बघायचंय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, शेळ्या तिथेच सोडल्या आणि माझ्या पुढे चालायला लागली.

वर निसतं गवतच होतं. वाळलेलं, पिवळं, आणि पडक्या भिंतीचे दगड. साडेतीन वाजून गेले होते. आणि वारा होता. बारा वर्षं ज्याची वर्णनं मी रस्सा ढवळत ऐकली तो हाच वारा, गरम भपकारा नुसता. मला आधी हसू आलं आणि मग मी कमरेवर हात ठेवून, दरीकडे तोंड करून, मोठ्यानं एक शिवी घातली. कोणाला घातली ते लिहीत नाही. म्हातारी पोट धरून हसली. मग तिनंही एक घातली. तिची माझ्यापेक्षा चांगली होती.

उतरून माचीवर आलो तेव्हा आमचे लोक आंब्याखाली झोपलेले. ऑपरेटर जागा होता. हंडा भरून ओट्यावर ठेवलेला दिसला, तो त्यानंच आणला असावा. त्यानं विचारलं, "गेलीस माथ्यावर?" मी म्हटलं, "गेले." तो फक्त "बरं" म्हणाला. खाली नारिवलीत सात वाजता जेवलो. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जीपमध्ये सगळ्यांनी डोळे मिटून घेतले, मला वाटलं दमलेत.

सोमवारी आठची नोंद करून मी वही सही करायला साहेबांच्या खोलीत नेली. ठाण्याहून एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी सहज विचारलं, "काय, सिद्धगड झाला का यंदा?"

साहेब हसले. "अर्ध्यावरून फिरलो. ताई बरोबर होत्या ना या वेळी. त्यांना घेऊन वर जाणं बरं नव्हे." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, तुम्हाला कसं सांभाळून घेतलं, अशा कौतुकानं.

ऑपरेटर दारात उभा होता. आणखी दोघं फायली घेऊन आत होते. कोणीतरी बोलेल म्हणून मी थांबले. दोघं फायली चाळायला लागले, ऑपरेटर चपलांकडे बघायला लागला. मला आठवलं, माझी आई दवाखान्यात होती तेव्हा याच साहेबांनी अकरा दिवस सकाळी लवकर येऊन माझी नोंद स्वतः केली होती, आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही. तो उपकार आहे. आजही मानते. पण उपकाराच्या बदल्यात माणूस काय काय देऊ शकतो याला मर्यादा असते. मी तो डोंगर बूड घासून चढले होते.

मी म्हटलं, "साहेब, मी माथ्यावर जाऊन आले. तुम्हाला ऊन लागलं, ओकारी झाली, म्हणून तुम्ही माचीवर थांबलात. ऊन कोणालाही लागतं, त्यात लाज काय? पण ते तुमचं तुम्ही सांगा."

मोठे अधिकारी खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी वही ओढून घेतली, सही केली आणि न बघता माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून ते मला ताई म्हणत नाहीत. आडनावानं हाक मारतात, तीही कामापुरती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बारा वर्षं माया लावून हाक मारणारा माणूस तुटला. पण ज्या तोंडानं ते ताई म्हणायचे त्याच तोंडानं त्यांनी मला माचीवर बसवून टाकलं होतं. आता आडनाव ऐकू आलं की मी सावकाश उठते आणि "बोला, साहेब" म्हणते.