टाकीतलं कबूतर

गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं, असं वॉचमन दारात येऊन सांगून गेला आणि मी घाबरलेच. इथे आखातात, गुदैबिया भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत सगळ्यांच्या नळाला त्याच टाकीचं पाणी.

नवरा म्हणाला, "घाबरतेस कशाला? फिल्टर आहे ना."

त्याच्या फिल्टरवर माझा कधीच विश्वास नव्हता. फिल्टरचं पाणीसुद्धा मी खळखळून उकळायची, फडक्याने गाळून स्टीलच्या पिंपात भरायची. समोरची शेजारीण पाण्याच्या बाटल्या विकत आणायची आणि मला हसायची. हसू दे! आज मीच शहाणी ठरले, असं मनाला बजावत होते.

तेवढ्यात लेक शाळेतून आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"बरं झालं बाई, तू उकळलेलंच पाणी पितेस," मी म्हटलं.

बूट काढता काढता ती म्हणाली, "नो आई, इट टेस्ट्स यक्. आय ड्रिंक फ्रॉम द बाथरूम टॅप."