चुना लावणारे भावजी

माझ्या भावजींनी अख्ख्या भिवंडीला चुना लावला आहे, हे मी कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगते. ऐकणारा लगेच खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "कितीचा?" मग मला सांगावं लागतं की बाबा रे, खराखुरा चुना. पिंपात भिजवून, डिंक आणि मीठ घालून, कुंच्याने पत्र्यावर फासायचा तो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आणि अख्खी भिवंडी म्हणजे, खरं सांगायचं तर, काल्हेरची त्यांची स्वतःची चाळ आणि आजूबाजूला ज्यांनी त्यांना शिडी लावू दिली तेवढी छपरं. पण मेव्हणीने भावजींबद्दल बोलताना हात आखडता कशाला घ्यावा?

या माणसाला समोर बघता येतच नाही, तो सदा वर बघतो. दिघाशीला आमच्या घरी ताईला बघायला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून सगळा वेळ आढ्याकडे बघत बसले होते. ताईची मान खाली, यांची वर. शेवटी त्यांच्या काकांनी विचारलं, "काय रं, पसंत हाय का?" तर म्हणाले, "कौलं झकास हायत. दुपारचा गारवा राहात असंल." आईने तोच होकार धरला. ताई अजून म्हणते, लग्न कौलांशी ठरलं होतं, मी नुसती पाठराखीण म्हणून गेले. पुढे आमच्याकडे एका बाराव्याला आले, तिथेही चार शब्द सांत्वनाचे बोलायचे सोडून, "पडवीच्या पत्र्याला डांबर कुणी फासलं?" म्हणून चौकशी करत बसले. ताईने मला कोपराने ढोसलं, मी त्यांना ढोसलं, तरी नजर खाली येईना.

हे छपरांचं वेड असंच आलेलं नाही. काल्हेरला त्यांची भाताची जमीन होती. गोदामं आली, जमिनीला भाव आला, भावांनी विकली, यांनीही विकली. जिथे लोंब्या डोलायच्या तिथे नजर जाईल तिथवर पत्रा. विकून उरलेल्या तुकड्यावर भावजींनीही पत्र्याचीच चाळ बांधली आणि कापडाच्या लूमवरच्या माणसांना भाड्याने दिली. पहिल्या खोलीत चाचा राहतात. उत्तर प्रदेशातले, उभा जन्म लूमवर गेलेला, कायम नाईटची ड्युटी. एकदा मे महिन्यात भावजी भर दुपारी नळाचं काही बघायला गेले, तर चाचा ओल्या फरशीवर खाटेखाली पडलेले, डोळे टक्क उघडे. दिवसा झोप नाही म्हणजे रात्री लूमसमोर डुलकी, आणि लूमसमोर डुलकी म्हणजे हात आत जायची भीती. एक बोट तर आधीच सापडून वाकडं झालं होतं. भावजी घरी आले आणि जेवलेच नाहीत. ताईने फार विचारल्यावर म्हणाले, "भाडं मी घेतो आन् ऊन त्यो घेतो. ह्यो कुठला न्याय?"

दुसऱ्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन चाचांच्या दारात हजर. भावजींचं हिंदी म्हणजे आगरी बोलीला चढवलेला सदरा. म्हणाले, "चाचा, मैं तुमको चुना लगाने को आया हाय." चाचांनी शांतपणे उत्तर दिलं, "सेठ, पहले ही बहुत लोग लगा चुके हैं." अर्थ समजावून सांगेपर्यंत निम्मी चाळ जमली. पण छप्पर पांढरं झालं आणि खोलीतली धग खरंच उतरली. चाचा त्या दुपारी घोरायला लागले. भावजी बाहेर स्टुलावर राखण करत बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या भंगारवाल्याला ओठांवर बोट ठेवून हाकलत राहिले. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी शिमगा झाला की हा उद्योग नव्याने.

मी एकदा माझ्या घरी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, "भावजी, हवामानाचं मागाहून बघू, आधी गरिबी जाऊ दे. चाचांच्या हातात चार पैसे खेळायला लागले की ते एसी घेतील."

"घेऊ दे की, मी कुठं नको म्हणतो? पर त्या एसीची गरम हवा बाजूच्या खोलीत जानार. लाईट कोळशावरची, म्हंजे फुडचा मे आणखी तापनार. आन् तापला की पयला कुनाला भाजनार? पत्र्याखालच्यालाच. अगो, गरिबी आन् ह्यो उन्हाळा एका घरातल्या जावा हायत. एकीचीच समजूत घालशील, तर दुसरी गप बसंल व्हय?"

"मग काय, चुन्याने गरिबी जाते?"

"न्हाय जात," ते म्हणाले. "झोप येते." आणि माझ्या पंख्याकडे बघत बसले.

गेल्या वर्षी एका कुजक्या पत्र्यावर पाय पडला आणि भावजी खाली आले. खुबा मोडला. आता काल्हेरच्याच फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, खिडकीपाशी पलंगावर असतात. खाली चाळ आहे, पण साखरेने नजर गेल्यात जमा. यंदा शिमगा झाल्यावर त्यांनी ताईच्या मागे धोशा लावला, माणूस लावून चुना मारून घे. ताईने शिडीचा धसकाच घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या बायकोवर ही वेळ नको, म्हणायची. तिने सरळ सांगून टाकलं, मारून घेतला. मी गेले तर भावजींनी मलाच साक्षीला धरलं. "चाळ पांढरी दिसते ना गो?" खाली गंजका पत्रा तळपत होता. ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पांढरीशुभ्र." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी खाली उतरले तर चाचा दारात बसलेले. भर दुपार, डोळे लाल, बोटांत विडी तशीच विझलेली. "सेठ की तबियत कैसी है?" एवढंच विचारलं. मला इतकं वाईट वाटलं की मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून चुना आणि डिंक घेऊन रिक्षाने काल्हेरला गेले. ड्युटीवरून आलेले चाचा आणि त्यांचे शेजारी भावजींचाच कुंचा घेऊन वर चढले. मी डोक्यावर छत्री धरून खालून ओरडत होते, "खिळ्यांच्या रांगेवरच पाय द्या, खाली वासा असतो." थोड्या वेळाने ताई खाली आली. शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहिली.

दुपारी आम्ही दोघी वर गेलो. मी म्हटलं, "भावजी, चाळ पांढरी दिसते हो." त्यांनी माझा हात हातात घेतला, नखांपाशी वाळलेला चुना अंगठ्याने चाचपला.

"आज दिसते," ते म्हणाले. "काल तू मना चुना लावलास." मग जरा थांबून विचारलं, "चाचा झोपला का?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. "दार लोटलेलं आहे. बाहेर चपला आहेत."

"मग हळू बोल," भावजी म्हणाले, आणि सातव्या मजल्यावर आम्ही तिघंही कुजबुजत बोलायला लागलो.