कोपऱ्यातला हत्ती

आधी डावी भुवई वर जायची, मग शब्द यायचा, “रिजेक्ट!” कारेगावच्या आमच्या कारखान्यात साहेब माल तपासायला होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मोजायचं व्हर्निअर कायम खिशात. कँटीनचा चहा रिजेक्ट, सरपंचाचं भाषण रिजेक्ट, बारशाला गेले तर बाळसुद्धा “एक कान मोठा हाय” म्हणून रिजेक्ट! असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच. आमचे साहेब दोन वर्षांपूर्वी गेले. फार आठवण येते.

आणि मी बया प्रेमात पडले ती नेमकी त्यांच्याच भाच्याच्या! पोराला आईबाप नाहीत, कासुर्डीला साहेबांनीच वाढवलेला. तो म्हणाला, “मामा नको म्हणाले, तर मला त्यांचा शब्द मोडवणार नाही.” झालं का! त्याला सांगून आलेली तीन स्थळं साहेबांनी आधीच रिजेक्ट केलेली.

शेवटी त्यानं आमचं मामांच्या कानावर घातलं आणि एका गुरुवारच्या सुट्टीला मला नि साहेबांना यवतच्या डोंगरावरच्या जुन्या देवळात नेलं. तिथं तरी मामांचं मन मऊ होईल, हा बेत. मी वडगाव रासाईहून भाकरी-ठेचा बांधून आणलेला.

काळ्या दगडात, जोत्याशी, वीतभर हत्तींची रांग कोरलेली. साहेबांनी व्हर्निअर काढलं. चार हत्ती मोजले आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, “पास! समदे तंतोतंत. ह्याला म्हन्त्यात कारागीर!”

गप्प बसायचं ना मी? पण नजर त्यांनीच तयार केलेली! “साहेब, तो कोपऱ्यातला रिजेक्ट.”

भाच्यानं असा चिमटा काढला म्हणता! साहेबांची भुवई वर गेली. उकिडवे बसून त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. हत्ती बोटभर बारीक. संपलं आपलं लग्न, म्हटलं.

आणि साहेब हसायलाच लागले. “आरं, जागाच संपली गड्याची! चेपून बसवलाय हत्ती! आन् इतक्या वर्षांत कुनाला पत्ता न्हाई!” हसून हसून खालीच बसले, टोपी पडली, डोळ्यांत पाणी. आम्हीही हसत सुटलो.

लग्नाचा मात्र चकार शब्द नाही. जेवले, हात धुतले आणि गायब. शोधत गेलो, तर दौंडहून आलेल्या एका कुटुंबाला कोपऱ्यात अडवून उभे.

“ह्यो हत्ती बगा,” साहेब छाती काढून सांगत होते, “आमच्या सुनंनं पकडलाय.”