लाडानं

धाड! कुपवाडच्या आमच्या कारखान्यात लोखंड दाबायचा प्रेस पडला, की पत्र्याचं छप्पर थरथरायचं. तो कारखाना सुटून बरीच वर्षं झाली. पण तिथले किस्से लोखंडाच्या किसासारखे. कितीही झाडा, कोपऱ्यात साठलेलेच!

नव्वदनंतरची ती वर्षं. नवा माणूस आला, की आमचे फोरमन अण्णा त्याला नाव ठेवायचे. मी सावकाश बोलतो, म्हणून मी 'एक्स्प्रेस'! कुणी तोंड वाकडं केलं, तर अण्णा म्हणायचे, "लाडानं म्हणतो रं!"

लाडानं म्हणणं मला ठाऊक होतं. माझी आई म्हशीला 'मरतुकडे' म्हणायची, पण पाठीवरून हात फिरवत. म्हैस पान्हा सोडायची!

* * *

साताऱ्याकडचा बापू मिलिटरीतून आलेला. पहिल्या दिवशी प्रेस पडला आणि हा टेबलाखाली! झाला 'फटाका'.

दिवाळीत कुणीतरी त्याच्यामागं सुतळी बॉम्ब लावला. बापू डोकं धरून रडत बसला. अण्णांनी पाठ थोपटली, "गड्या, लाडानं रं!"

बापू पुन्हा आला नाही. त्याचा डबा खुंटीलाच राहिला.

* * *

इस्लामपूरच्या मारुतीची बोटं प्रेसखाली गेली. दवाखान्यातून परतला, तर अण्णा दारात उभे. "या, थोटेराव!" सगळे हसले. मारुतीही हसला. तेव्हापासून तो थोट्या.

पुढं काही वर्षांनी त्याच्या लेकीचं लग्न जमत आलं. मारुती अण्णांकडं गेला. "अण्णा, सोमवारी पाव्हणं चौकशीला येणार हायती. हाताचं सांगितलंय मी त्यास्नी. तेवढं नावानं बोला. पोरीचं जमलं पायजे."

"व्हय रं, त्यात काय!"

सोमवारी पाहुणे गेटवर आले. "मारुतीराव हायत का?"

अण्णांनी नाव आठवून बघितलं, मान हलवली. "मारुती? ह्या नावाचं हितं कुणी न्हाई."

"म्हंजे नोकरीच खोटी!" पाहुण्यांनी स्कूटरला किक मारली.

आतून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, मारुती म्हंजे आपला थोट्या!"

अण्णा धावले. "आवं पाव्हणं, थांबा! थोट्या व्हय? हाय की! आमी लाडानं म्हणतो त्याला!"

मारुती अण्णांच्या मागंच येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पाहुण्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"ज्याला कामावर कोण नावानं वळखत न्हाई, त्याच्याशी सोयरीक कशी करायची?"

स्कूटर गेली. अण्णांनी मारुतीच्या खांद्यावर हात ठेवला. "मारुतीराव, आवं..."

मारुतीनं तो हात हळूच बाजूला केला आणि गेटाबाहेर चालत गेला.