दोन कोरड्या पायऱ्या

पुलाशेजारच्या इस्त्रीच्या दुकानातून ओढ्यात उतरणाऱ्या सात दगडी पायऱ्या दिसतात. खळाळत्या पाण्यात रबरी होड्या हाकणारी हौशी मंडळी तिथूनच होड्या सोडतात. पण घरून निघण्याआधी दुकानात फोन येतो, "मावशी, किती?"

मावशी इस्त्री उभी करून खिडकीतून डोकावतात. चार पायऱ्या कोरड्या असल्या, तर खुशाल या. पाच असल्या, तर होडी दगडांवर घासणार. तीन असल्या, तर जपून. दोनच उरल्या, तर मुकाट्याने घरी बसा. पंचवीस वर्षं लोक मावशींच्या शब्दावर डोळे झाकून पाण्यात उतरले.

मावशी मात्र कधी होडीत बसल्या नाहीत. पहिल्या वळणापुढे ओढा दिसत नाही, काठाने वाटही नाही. पुढचं सगळं त्यांनी पुलाशी ठेवलेली गाडी न्यायला परतलेल्या भिजलेल्या मंडळींच्या तोंडून ऐकलेलं. नावं मात्र मावशींनी ठेवलेली. येईल त्याला झोडपून काढणारा खडक म्हणजे सासूबाई. मधोमध ठाण मांडून बसलेला धोंडा म्हणजे जावई. काम ना धाम, पाणी बिचारं दोन्ही बाजूंनी त्याची सरबराई करत जातं! आणि सासूबाई ओलांडल्या की एक डोह, इतका शांत की वल्हं मांडीवर ठेवून नुसतं बसावं. पांढरी चादर पसरली, वाफ वर आली, की मावशी त्या डोहात असत. कितीतरी चादरी त्यांनी तिथेच इस्त्री केल्या.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. दुकान आवरून लेकीकडे जायचं ठरलं, सोमवारी टेम्पो यायचा होता. ते ऐकून होडीवाल्यांचा म्होरक्या, दाढीवाला, म्हणाला, "मग रविवारी पुढची जागा तुमची. नाही म्हणायचं नाही."

मग काय विचारता! खाकी कागदावर अख्खा ओढा उतरला. कुठे वाकायचं, कुठे डावीकडे जोर लावायचा, जावयाला कुठून वळसा घालायचा, सगळं ठरलं. लेकीने लाइफ जॅकेट आणलं. रविवारी मावशी चहाच्या आधीच ते घालून खिडकीशी आल्या.

आदल्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला होता. पाणी गढूळ होतं.

फोन वाजला. "मावशी, किती?"

लेक हळूच म्हणाली, "आई, तीन सांग ना. एका पायरीनं काय होतंय?"

मावशींनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. आपलेच डोळे आज खोटे ठरावेत, असं त्यांना मनापासून वाटलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "येऊ नका."

पलीकडून दाढीवाला म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाईट वाटत असेल."

"वाटतंय ना. रडू येतंय मला. पण दोन म्हणजे दोन."

त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले, इस्त्री तापवली आणि उरलेल्या गिऱ्हाइकांच्या चादरी काढल्या.

"आता जॅकेट तरी काढ गं, उकडेल," लेक म्हणाली.

"असू दे. आत्ता कुठे सासूबाई मागे पडल्यात. डोह यायचाय अजून."

लेकीने चादरीचं दुसरं टोक धरलं.