धर्माची डिग्री आणि सिलतऱ्याची खुर्ची

सगळ्या रायपुरात माझ्याएवढा धर्म कोणाले समजत नाही. मंदिराचा भोग, दर्ग्याची शिरणी, गुरुद्वाऱ्याचा लंगर, विहाराची खीर, सगळं जातीनं तपासलं आहे. शाळेनं मात्र सातवीच्या पुढं येऊ दिलं नाही! उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जन्म गेला, पण तिथल्या आवाजात किस्से ऐकूच येत नसत. ते साचले घरात, नात मानसीनं कॉलेजात 'धर्मांचा अभ्यास' हा विषय घेतल्यापासून.

आमचं घर बौद्ध. माझ्या बापानं जुना धर्म सोडून दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझा पोरगा प्रकाश सिलतऱ्याच्या प्लांटात शिफ्टवर असतो. विषय ऐकून त्यानं एकच विचारलं, "नोकरी कोणती लागते याच्यात?"

"पता नहीं, पापा." आमच्या पोट्टीले मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच येते.

प्रकाशनं हेल्मेट खिळ्याला न टांगता टेबलावर ठेवलं. आमच्या घरात त्याचा अर्थ असा, की आता कोणी बोलायचं नाही!

*

मले कुठं राहवते! सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, उठवून दिलं, "नातीची सगळ्या देवांशी ओळख आहे." दुसऱ्याच दिवशी शेजारचा ऑटोवाला नवी गाडी अन् नारळ घेऊन दारात. "दीदी, पूजा कर दो!"

मानसीनं गाडीला एक चक्कर मारली. "भैया, पहले ब्रेक दिखाओ."

ब्रेक ढिले निघाले! बिचारा नारळ घेऊन मेकॅनिककडे गेला. मी पोट धरून हसत होतो, तेवढ्यात प्रकाश शिफ्टवरून आला.

"बाबा, पोट्टीचं हसं काहून करून राहिले तुम्ही? उद्या तिले कोण काम देईल?"

हेल्मेट टेबलावर.

*

मग प्रकाश थेट कॉलेजात गेला. मी मागं लटकलोच. तिथल्या मराठी मॅडमनं मोजून सांगितलं, "वर्तमानपत्र आहे, म्युझियम आहे, शिकवणं आहे, सामाजिक संस्था आहेत…"

"सरकारी कोणती?"

मॅडम पाणी प्यायल्या. मी हळूच विचारलं, "तुमची तरी पक्की आहे ना जी?"

"काका, मी काँट्रॅक्टवर आहे."

 परत येताना प्रकाशच्या स्कूटरनं एकही खड्डा सोडला नाही!

*

मानसीचं बी.ए. झालं. एम.ए.साठी नागपूरला नंबर लागला. त्याच आठवड्यात प्रकाशनं प्लांटच्या गेट ऑफिसात कॉम्प्युटरची नोकरी पक्की करून आणली. "सोमवारपासून कामावर. नागपूर विसर."

मानसी रडली नाही. भरलेली बॅग दाराशी उभी होती. तिले कोणी उचलेना, कोणी उघडेना. मी गंमत म्हणून बॅगवर जाऊन बसलो.

"आजोबा, उठिए."

उठलो. त्या दिवशी मले जोक सुचला नाही.

*

रविवारी प्लांटचे साहेब स्वतः घरी आले. चहा झाला. "बेटी, धरम पढ़के क्या करोगी? कल से तुम्हारी कुर्सी तैयार है."



मी म्हटलं, "साहेब, खुर्चीत बसण्याआधी ही तिचे ब्रेक पाहील हं!" साहेब हसले. प्रकाश हसला नाही. हेल्मेट आज मांडीवर होतं, अन् दोन्ही हातांनी त्यानं ते दाबून धरलं होतं. त्याचा आवाज फाटला.

"आहे तो एक धर्म पुरत नाही काय तुले? बाकीचे वाचाले घर सोडून काहून जातं?"

जन्मभर हिंदीत उत्तर देणारी पोट्टी उठली, बापासमोर उभी राहिली अन् मराठीत बोलली.

"पापा, तुमचे आजोबा बी 'आहे तो पुरे' म्हणाले असते, तर आज आपला धर्म कोणता राहिला असता?"